वालचंदांचा ऊस आणि वालचंदांची मोटार

पेट्रोल पंपावर हल्ली ‘ई-२०’ असे लिहिलेले असते. म्हणजे टाकीत पडणाऱ्या प्रत्येक पाच लिटरमधले एक लिटर इथेनॉल. आपली छोटी गाडी हे इंधन सोसेल का, ॲव्हरेज कमी होईल का, आणि श्वासावाटे आपल्या फुप्फुसात काय जाईल, असे प्रश्न लोक विचारतात. पहिले दोन प्रश्न मेकॅनिकचे आणि तिसरा डॉक्टरचा, पण उत्तर शोधायला बसले की तिन्ही एकमेकांत गुंततात. ते सुटे करण्यासाठी आज एका माणसाचे आयुष्य पाहू. महाराष्ट्रात याच माणसाने माळरानावर ऊस उभा केला आणि याच माणसाने मोटारीचा कारखानाही काढला. त्यांचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन. सावकारी आणि व्यापार करणारे. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. त्या काळी बाळंतपणानंतर आई दगावणे हे घरोघरचे दुःख होते, आणि आईविना वाढलेली मुले नातेवाइकांच्या मायेवर तगत. वालचंदांचे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. पुढे ते मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच घरच्या व्यवसायात आले. सावकारीत आणि कापसाच्या व्यापारात त्यांचे मन रमले नाही.

लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ त्यांना भेटले आणि दोघांनी मिळून रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. पहिले काम बार्शी लाइट रेल्वेवरच्या येडशी-तडवळे टप्प्याचे. भांडवल वालचंदांच्या घरचे आणि कामाची माहिती फाटकांची, अशी ती भागी होती. पुढे बोरघाटातले बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानशाची जलवाहिनी अशी मोठी कामे त्यांच्या हातून झाली. दगड, माती, पाणी आणि हजारो मजूर यांचा हिशेब ठेवण्याची सवय त्यांना इथेच लागली. ती पुढे शेतीत कामाला आली.

पहिल्या महायुद्धानंतर ते जहाजांकडे वळले. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विक्रीला होते. युद्धात हे जहाज इस्पितळ म्हणून वापरले गेले होते आणि जखमी सैनिकांची त्यावर ने-आण झाली होती. वालचंद आणि त्यांचे भागीदार नरोत्तम मोरारजी यांनी ते घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीला बुडवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण ती तगली.

शेतीकडे ते वळले १९२३ च्या सुमारास. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव इथे दीड हजार एकरांच्या आसपास खडकाळ, ओसाड जमीन त्यांनी हाती घेतली. अशा जमिनीत पैसे घालणे लोकांना वेडेपणाचे वाटले. वालचंदांनी कृषितज्ज्ञ आणले, जमीन सपाट केली, पाणी फिरवले आणि ऊस लावला. दुसरीकडे पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात, नीरेच्या पट्ट्यात, कळंबजवळ असाच प्रयोग झाला. तिथल्या वसाहतीला पुढे वालचंदनगर नाव पडले. १९३२ साली सरकारने देशी साखरेला संरक्षण दिले आणि परदेशी साखरेवर जकात बसवली. देशात तोवर तीसेक साखर कारखाने होते, ते चार-पाच वर्षांत शंभराच्या पुढे गेले. रावळगाव आणि वालचंदनगरचे कारखाने याच लाटेत १९३३-३४ च्या सुमारास सुरू झाले. ‘पान पसंद’ आणि ‘मँगो मूड’ या गोळ्या ज्यांनी लहानपणी चघळल्या, त्यांच्या ओळखीचे रावळगाव ते हेच.

साखर कारखान्यातून साखर निघते तसा चोथा निघतो आणि मळीही निघते. चोथा म्हणजे बगॅस. तो बॉयलरखाली जळतो. मळी म्हणजे साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. त्यातही साखर असते, पण तिचे स्फटिक होत नाहीत. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर आणि चाळीस-पंचेचाळीस किलो मळी मिळते. कारखाने भराभर वाढले तशी मळीची अडचण झाली. साठवली तर आंबून वास मारते, ओढ्यात सोडली तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

पण हीच मळी पाण्यात कालवून यीस्ट घातले की त्याचे अल्कोहोल होते. एक टन मळीतून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर. ते उकळून, वाफ थंड करून, त्यातला पाण्याचा शेवटचा अंशही काढला की मोटारीत चालेल असे इथेनॉल तयार होते. इंजेक्शनपूर्वी कापसाच्या बोळ्याने दंडावर लावतात त्या स्पिरिटातला मुख्य पदार्थ हाच. देशी दारूतली नशाही याचीच. फक्त मोटारीसाठीच्या इथेनॉलमध्ये ते पिता येऊ नये म्हणून मुद्दाम विषारी पदार्थ मिसळतात, त्यामुळे कुणी ते तोंडाला लावण्याचा विचारही करू नये.

अल्कोहोलवर गाडी चालते हे वालचंदांच्या काळात कुणाला नवे नव्हते. ब्राझीलने १९३१ साली आयात पेट्रोलमध्ये पाच टक्के अल्कोहोल मिसळणे सक्तीचे केले, म्हणजे वालचंदांचे साखर कारखाने उभे राहण्याच्याही आधी. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र वेगळी वाट धरली गेली होती. पेट्रोल इंजिनात वेळेआधी पेटून ठोके देते, ते थांबवायला काहीतरी मिसळावे लागते. जनरल मोटर्समधले अभियंते टॉमस मिजली यांनी आधी अल्कोहोलचे मिश्रण चालवून पाहिले होते आणि ते चांगले चाललेही होते. पण अल्कोहोल कुणाही शेतकऱ्याला गाळता येते, त्याच्या नावाचे पेटंट काय घेणार? १९२१ च्या डिसेंबरात मिजलींना शिशाचे एक संयुग सापडले. चिमूटभर पुरे, स्वस्त, आणि पेटंटही घेता येणारे. १९२३ पासून ते पेट्रोलमधून विकले जाऊ लागले. १९२४ साली ते बनवणाऱ्या एका कारखान्यात कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. काही काळ विक्री थांबली, मग पुन्हा सुरू झाली. जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसे गेले ते असे.

वालचंदांच्या मनात मोटारीचा कारखाना घोळत होता तो याच काळात. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मोटार उद्योगाची योजना तयार केली होती. योगायोग असा की, याच विश्वेश्वरय्यांनी तरुणपणी मुंबई इलाख्यात नोकरी करताना दख्खनच्या कालव्यांचे पाणी पाळीपाळीने देण्याची पद्धत बसवली होती. १९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले. मोटारीच्या कंपन्यांशी बोलणी केली. परतीच्या प्रवासात विमानात त्यांना विल्यम पॉली हे अमेरिकी विमान-व्यावसायिक भेटले आणि त्या गप्पांतून बंगळूरला डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी निघाली. १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा पाया घातला गेला. तिथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज मार्च १९४८ मध्ये पाण्यात उतरले. मोटारीला मात्र युद्धकाळात सरकारने हात दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर जोडलेल्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या गाड्या अमेरिकी, मोठ्या आणि तेल पिणाऱ्या होत्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला परवडेल अशी छोटी गाडी आली ती पुढे इटलीच्या फियाटशी झालेल्या करारातून. तीच फियाट ११०० पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा तो ओळखीचा चेहरा. मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निघून गेली.

पद्मिनी पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढच्या वर्षी ते कारभारातून बाजूला झाले. वय सदुसष्ट. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे न कळलेला, न आवरलेला रक्तदाब. त्यावर द्यायला तेव्हाच्या डॉक्टरांकडे खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते. त्याच १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या वनस्पतीने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढे मांडले. तिथून रक्तदाबाच्या औषधांचे नवे युग सुरू झाले. आज सरकारी दवाखान्यात रक्तदाबाची गोळी फुकट मिळते, तरी ती मध्येच सोडणारे रुग्ण आम्ही रोज पाहतो. वालचंदांची शेवटची वर्षे अंथरुणावर गेली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे त्यांचे निधन झाले.

एका घराच्या कारखान्यांत मळीही होती आणि मोटारही होती. मग मळीचे अल्कोहोल मोटारीत का गेले नाही? कायदा तर होता. १९४८ सालीच ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ झाला होता आणि पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची सोय त्यात होती. पण परदेशी तेल स्वस्त होते. रसायनांच्या कारखान्यांना अल्कोहोल हवे होते आणि ते चांगला भाव देत. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि अल्कोहोलच्या प्रत्येक थेंबावर उत्पादन शुल्क खात्याची नजर बसली. तेल कंपन्या, कारखाने आणि अबकारी खाते यांची तोंडे तीन दिशांना राहिली. तो कायदा पन्नासेक वर्षे जवळजवळ नावापुरताच उरला आणि २००० साली रद्द झाला.

या पन्नास वर्षांची किंमत वैद्यकाच्या वहीत मांडावी लागते. गाडीच्या धुरातून शिशाचे बारीक कण हवेत जात, रस्त्याकडेच्या धुळीत बसत, आणि जमिनीवर खेळणाऱ्या मुलांच्या हातातोंडातून पोटात जात. मोठ्या माणसाच्या आतड्यातून शिशाचा दहावा हिस्सा रक्तात शोषला जातो, लहान मुलात तो अर्ध्यापर्यंत जाऊ शकतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते. ते हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि वाढत्या मेंदूच्या जडणघडणीत अडथळा आणते. बुद्ध्यंक घटतो, लक्ष लागत नाही, रक्त कमी होते. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे १९९५ पासून महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. पद्मिनीचे उत्पादन त्याच सुमारास थांबले. म्हणजे ती गाडी जवळजवळ सगळे आयुष्य शिशाच्या पेट्रोलवर धावली.

शिसे गेल्यावर ठोके थांबवायला दुसरे काहीतरी हवेच होते. बेंझीनसारख्या सुगंधी हायड्रोकार्बनांचे प्रमाण वाढवले तर रक्ताच्या कर्करोगाचा धोका, म्हणून त्यावरही मर्यादा आली. इथेनॉल हे काम निमूटपणे करते. त्याचे ऑक्टेन मूल्य शंभराच्या वर आहे. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग प्राणवायूच असतो, त्यामुळे ज्वलन पुरते होते आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड घटतो. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉल जळताना ॲसिटाल्डिहाइड थोडे जास्त निर्माण होते. दारू प्यायल्यावर यकृतात तयार होते तेच हे. डोळे आणि श्वासनलिका त्याने चुरचुरतात. गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठीक असेल तर त्याचा बराचसा निपटारा होतो. शिशाशी तुलना केली तर हा सौदा आरोग्याला सरळ फायद्याचा आहे.

२००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम सुरू झाले ते महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड इथे, तसेच उत्तर प्रदेशात. मनमाड रावळगावपासून फार लांब नाही. वालचंदांचा ऊस आणि मोटार यांची गाठ पडायला असा एवढा काळ जावा लागला. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण ठरले, २०१४ पर्यंत प्रत्यक्षात ते दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळले, २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस.

आता छोट्या गाडीच्या मालकाचा प्रश्न. इथेनॉल मिळते का, हा प्रश्नच उरलेला नाही. पवनीच्या पंपावर येते ते पेट्रोलही मिश्रणाचेच. सोय-गैरसोयीचा हिशेब असा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. लिटरला वीस किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ही घट एक-सव्वा किलोमीटरची. इंजिन या इंधनासाठी जुळवलेले असेल तर तीही काही प्रमाणात भरून निघते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर आणि धातूचे भाग ई-२० सोसतील असे केलेले आहेत. त्याआधीच्या गाडीचे इंधनाचे पाइप, गॅस्केट आणि फिल्टर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून टाकीचे झाकण घट्ट असावे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. गावातून रुग्णाला दवाखान्यात आणणारी पहिली गाडी बहुधा अशीच जुनी, छोटी असते. ती वाटेत बंद पडू नये, एवढी काळजी प्रत्येक मालकाने घ्यावी.

यापुढचा प्रश्न आपल्या जिल्ह्याचा. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथेनॉल आता धान्यापासूनही होते. एक टन तांदळातून साडेचारशे लिटरच्या आसपास मिळते, त्यामुळे कणी आणि खराब तांदळाला नवा गिऱ्हाईक मिळाला आहे. मोहाडी तालुक्यात देव्हाड्याला साखर कारखानाही आहे. पण उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे अडीच हजार लिटरहून जास्त पाणी लागते, असा नीती आयोगाच्या अहवालाचा हिशेब आहे. धानही काही कमी पाणी पीत नाही. ज्या गोसीखुर्दच्या पाण्यासाठी पवनीच्या आसपासची गावे उठली, त्या पाण्यातून आधी काय पिकवायचे, हे ठरवताना गाडीच्या टाकीआधी ताट यायला हवे. ज्या तालुक्यात रक्तक्षयाच्या बायका आणि कमी वजनाची मुले रोज तपासावी लागतात, तिथे खाण्याजोगा तांदूळ टाकीत जाणे मला डॉक्टर म्हणून पटत नाही. मळी, कणी, सडका तांदूळ, पराटी आणि तणस यांपासून होणाऱ्या इथेनॉलला मात्र दोन्ही हातांनी पाठिंबा द्यावा.

डिस्टिलरीचे सांडपाणी हा आणखी एक मुद्दा. एक लिटर अल्कोहोलमागे दहा लिटरच्या आसपास तांबडे-काळे, आम्लधर्मी पाणी निघते. ते नीट सुकवून जाळले किंवा त्याचा बायोगॅस केला तर ठीक. वैनगंगेत सोडले तर गाडीच्या धुरातून वाचवलेले आरोग्य आपण विहिरीच्या पाण्यातून घालवू. नवीन प्रकल्प जवळ येत असेल तर ग्रामसभेत पहिला प्रश्न या पाण्याचा विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावे.

वालचंदांनी रेल्वे, जहाज, साखर, विमान आणि मोटार यांपैकी प्रत्येक गोष्ट लोक नको म्हणत असताना सुरू केली. त्यांच्या काळात मळी हा टाकाऊ माल होता आणि शिशाचे पेट्रोल ही प्रगती होती. दोन्ही समजुती उलट्या ठरायला अर्धशतक लागले. शिसे पेट्रोलमध्ये घालताना डॉक्टरांनी दिलेले इशारे बाजूला सारले गेले, म्हणून ते पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षे जगभरच्या मुलांच्या रक्तात राहिले. इथेनॉलच्या बाबतीत प्रश्न वेळेवर विचारण्याची संधी आपल्याला आहे. ते प्रश्न धुराचे आहेत, पाण्याचे आहेत आणि ताटातल्या भाताचे आहेत.